स्वागत रद्द

गावात सत्ताबदल झाला आणि नव्या सरपंच रश्मीताईंनी पहिलाच ठराव केला: बाहेरून आलेल्यांचं स्वागत करायचं. बाहेरून आलेला एकच होता, गावातल्या सुदेशच्या ट्रॉलरवर बारा वर्षं राबणारा नेपाळी खलाशी बहादूर. पण स्वागतासाठी माणूस आधी यायला हवा. म्हणून त्याला टेम्पोने गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर नेलं, तिथून ढोल वाजवत परत आणलं आणि देवळात त्याच्या भल्यासाठी देवाला गाऱ्हाणं घातलं.

सहा महिन्यांत अविश्वास ठराव आला. नवे सरपंच बाबू तांडेल यांनी आधीचे सगळे निर्णय फिरवले.

"बहादूर, तुजा स्वागत रद्द झाला रे," बाबू त्याच्या दारात येऊन म्हणाला. "तुका परत इन्सुलीक नेऊन सोडूक व्हया."

"सरपंचानु, माजा चेडू हंयच्या शाळेत चौथीत आसा."

"चेडवाचा स्वागत खंय झालेला? तां रवांदे हंयच."

ग्रामसेवकाने नियम काढून दाखवला. अशा ठरावावर गावात सलग दहा वर्षं राहिलेल्या माणसाची सही लागते. दोन दिवस वाडीवाडीत शोध झाला. कोण मधली वर्षं मुंबईला होता, कोण गोव्याला. खुद्द बाबू निवडणुकीच्या तोंडावर ठाण्याहून उतरला होता.

तिसऱ्या दिवशी बाबू सहीसाठी ठराव घेऊन पुन्हा बहादूरच्या दारात उभा राहिला.

बहादूरने कागद दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि शुद्ध मराठीत म्हणाला, "सोमवारी या. येताना तुमच्या रहिवासाचा पुरावा आणा."