उरलेली स्प्रिंग

सगळं जोडून झालं आणि टेबलावर एक स्प्रिंग उरली.

जावईबापूंनी ती चिमटीत धरून उलटसुलट पाहिली. त्यांना याची सवय होती. इस्त्री जोडली तेव्हा एक वॉशर उरला होता, घड्याळ जोडलं तेव्हा स्क्रू. इस्त्री अजून तापत होती. घड्याळही चालत होतं, जरा पुढे धावायचं एवढंच. पण आज टेबलावर सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर होतं, आणि सासरे संध्याकाळच्या गाडीने परत येणार होते.

"आता गं?"

"आता काय! हौस दांडगी," समोर टॉर्च धरून बसलेली बायको म्हणाली. "बाबा कपाटाची किल्ली घरी विसरले म्हणजे काय तुम्हाला आमंत्रण देऊन गेले?"

"तेलपाणी करावं म्हटलं. त्यांनाच बरं वाटलं असतं."

हेतू मात्र खरा होता. सासरे कारखान्याच्या सुरक्षा खात्यातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. त्यांचं रिव्हॉल्व्हर उशाशी आहे म्हणून अख्खी गल्ली निर्धास्त झोपायची. लग्न ठरवायला आले त्या दिवशीच जावईबापूंनी त्यांच्या दाराची बेल उघडून बसवली होती, आणि लग्नानंतर त्याच घरात राहायला आल्यावर मिक्सर, पंखा, शिलाई मशीन, काही म्हणून सोडलं नाही. सासरे बघायचे, "हं" म्हणायचे आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत जायचे. तो "हं" जावईबापूंच्या जिव्हारी लागायचा. सासऱ्यांच्या तोंडून एकदा तरी "वा" निघावा, एवढीच त्यांची इच्छा होती. आता "हं" सुद्धा नशिबात नव्हता.

त्यांचा एक नियम होता. वस्तू रिकामी चालवून काही कळत नाही. पंखा दुरुस्त केला की ते खाली बसून वारा घेत, मिक्सर दुरुस्त केला की त्यात दाणे घालून बघत. त्याच नियमाने त्यांनी रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोळी घातली, चक्र नीट फिरतंय का ते बघायला. चक्र मध्येच अडलं. ते मोकळं व्हावं म्हणून त्यांनी चाप ओढला. खट्ट झालं आणि चाप मागेच अडकून बसला. चक्र ना फिरे, ना उघडे.

"मोडलंत ना?" म्हणत बायकोने टॉर्च आणखी जवळ आणला.

जावईबापूंनी रिव्हॉल्व्हर टॉवेलात गुंडाळलं, स्प्रिंग शर्टाच्या खिशात टाकली आणि बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांचं दुकान गाठलं. काका सासऱ्यांचे जुने ओळखीचे. टॉवेल उलगडताच त्यांनी आधी नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"संध्याकाळच्या आत होईल ना?" जावईबापू काकुळतीला आले. "आणि काका, हे बाबांच्या कानावर घालू नका. मला घरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

काकांनी एक स्क्रू सैल केला, कुठेतरी अंगठा दाबला. चक्र उघडलं आणि गोळी त्यांच्या तळहातावर पडली. त्यांनी ती दिव्याखाली धरली. तिच्या बुडाशी घोडा आपटल्याची पुसट खूण होती.

"चाप ओढलात?"

"अडकलं होतं म्हणून…"

"समोर कोण होतं?"

"कुणी नाही," असं जावईबापू म्हणणार होते. मग त्यांना टॉर्चचा उजेड आठवला, आणि त्या उजेडामागचा चेहरा.

"बायको," ते म्हणाले. काकांनी सरकवलेल्या स्टुलावर ते बसले. एवढा वेळ सासरे काय म्हणतील याची धास्ती होती. ती आता कुठल्या कुठे गेली. त्यांनी घरी फोन लावला.

"झालं का दुरुस्त?" बायकोने विचारलं.

"तू काय करतेयस?"

"कपडे वाळत घालतेय. का हो?"

"काही नाही. घाल, घाल. सावकाश घाल."

फोन ठेवला आणि ते चक्क रडले. कपडे वाळत घालणं ही केवढी सुखाची गोष्ट आहे, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी पाणी दिलं. ते गटागटा प्यायले, डोळे पुसले आणि मग त्यांना हसूच आलं.

"चुकीचं जोडलं म्हणून वाचलो, काका! माझ्या अडाणीपणाचेच उपकार म्हणायचे. धड जोडलं असतं तर…"

"छे हो. स्प्रिंग राहिली म्हणून नुसतं चक्र अडलं. घोडा तर पडलाच होता." काकांनी रिव्हॉल्व्हर त्यांच्यापुढे धरलं. "या घोड्याच्या टोकाला एक काटा असतो. तो गोळीवर आपटला की बार उडतो. यात तो काटाच नाही."

"तोही हरवला माझ्याकडून?" जावईबापूंनी घाईघाईने खिसे चाचपले.

"तुमच्याकडून कुठला! तो मीच घासून काढलाय. तुमच्या लग्नाच्या महिन्यात सासरेबुवा स्वतः घेऊन आले होते."

"पण मग इतकी वर्षं उशाशी हे असं… कशाला?"

काकांनी स्प्रिंगसाठी हात पुढे केला.

"म्हणाले, 'जावई घरात राहायला येतोय. पोरगा सोन्यासारखा आहे, फक्त दिसेल ते उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. चोरांचं मी बघून घेईन. तुम्ही आधी हे थंड करून टाका.'"