वेगाची डबी

"डिव्हाइस सापडले नाही," असं मोबाइलने पुन्हा एकदा सांगितलं, आणि जावयाने हातातला पाना फरशीवर टाकून दिला.

सीट काढलेली मोटारसायकल आवारात उघडीबोडकी उभी होती. सीटखाली वायरींच्या जंजाळात एक सॉकेट होतं. मेकॅनिक एरवी तिथेच आपलं यंत्र लावून गाडीचं दुखणं शोधतो. महिन्याभरापूर्वी त्याने त्यात काडेपेटीएवढी काळी डबी बसवून दिली होती. गाडी किती धावली, किती वेगाने धावली, सगळं ती डबी पोटात साठवून ठेवत होती. आता ती फक्त मोबाइलला जोडायची होती, की पडद्यावर सगळे काटे दिसणार. 'फक्त' हा शब्द मेकॅनिकचा. सकाळपासून तो जावयाच्या डोक्यात गेला होता.

गाडी सासऱ्यांची. गेल्या वर्षी ते वळणावर घसरले, तेव्हा खांद्याचं हाड मोडलं आणि गाडीचा मीटर फुटला. हाड जुळून आलं. मीटर मात्र मिळेना, कारण कंपनीने ते मॉडेलच बंद केलं होतं. बरे झाल्यावर सासरे पुन्हा रोज संध्याकाळी गाडी बाहेर काढू लागले. फाटकातून निघताना ॲक्सिलरेटर असा पिळत, की शेजारीण खिडकी लावून घेई. तासाभराने परतले की हेल्मेट काढता काढता पुलावर कोणाकोणाला मागे टाकलं ते रंगवून सांगत. ते ऐकून लेक हातातलं काम टाकून त्यांच्यावर चिडे.

शेवटी एकदा जेवताना बापलेकीचं चांगलंच वाजलं. मीटर नाही तर वेग कळणार कसा, हा तिचा मुद्दा. साठच्या वर मी कधी जातच नाही, हा त्यांचा. मग तिनेच तोडगा काढला. डबी सांगेल ते खरं. साठच्या वर एकदा जरी आकडा गेला तर किल्ली तिच्याकडे आणि गाडी विकायची. गिऱ्हाईकही तिने बघून ठेवलं होतं. आकडा गेला नाही तर या घरात गाडीचं नाव कोणी काढायचं नाही. सासरे तावातावाने हो म्हणून बसले.

आज मात्र त्यांना चैन नव्हतं. पायरीवर बसत होते, उठत होते. जावयाला दोनदा चहा आणून दिला. सुट्टीच्या दिवशी कशाला जिवाला त्रास, असली खेळणी टिकत नाहीत, असं समजुतीने सांगूनही झालं. जावई मान डोलवत होता. माणूस कशाला घाबरलाय ते त्याला दिसतच होतं.

मेकॅनिकला फोन लावला, तर त्याने ॲप काढून पुन्हा टाकायला सांगितलं. पुन्हा टाकलं, तर ॲपने पासवर्ड मागितला. पासवर्ड दिला, तर त्याला मोबाइलचं लोकेशन हवं झालं. तेही दिलं, तर पडद्यावर केसांच्या तेलाची जाहिरात सुरू झाली. एकदा जोडणी झालीसुद्धा, पण ती शेजारणीच्या टीव्हीशी. तिने खिडकीतून डोकं काढून जे काही ऐकवलं, ते जावयाने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"झालं का?" बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून विचारलं. सकाळपासून तिचा हा एकच प्रश्न चालू होता.

"झालं की सांगतो," जावई दातओठ खात म्हणाला.

सॉकेट पुसायला तो गुडघ्यांवर बसला. नाकासमोर मागचं चाक होतं. अपघातानंतर त्यानेच नवे टायर आणून बसवले होते. नव्या रबरावर असतात ते बारीक केस अजून जसेच्या तसे होते. टायर चांगले राहिलेत, असं तो म्हणाला, तसे सासरे पायरीवरून लगबगीने म्हणाले, "मी जपून वापरतो, जावईबापू."

त्याने डबी काढली, फुंकर मारली, पुन्हा दाबून बसवली. किल्ली फिरवली. टक् असा आवाज आला आणि डबीवर हिरवा दिवा लागला. मोबाइलवर गोल तबकड्या आणि काटे उमटले, खाली मागच्या महिन्याचे आकडे येऊ लागले.

जावयाने पडदा खाली सरकवला, मग वर. पुन्हा खाली. घाम पुसून त्याने तिसऱ्यांदा पाहिलं.

सासरे पायरीवरून हलले नाहीत. हेल्मेट मांडीवर घेऊन त्याची काच सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. वर बघत नव्हते.

जावयाने मोबाइल खिशात टाकला, डबी उपटली आणि सीट बसवायला घेतली.

"नाही होत," तो खिडकीकडे बघून म्हणाला. "गाडी जुनी, डबी नवी. दोघांचं जमत नाही."

बायको बाहेर आली. अख्खी सुट्टी वाया घालवलीस, ऑफिसात लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करतोस आणि घरातली एवढीशी डबी जोडता येत नाही, असं बरंच बोलली. बाबांना काही झालं तर मी तुला माफ करणार नाही, असं म्हणून ती आत निघून गेली. जावई सीटचे बोल्ट आवळत राहिला.

बऱ्याच वेळाने सासरे जवळ आले.

"मग चालवू ना मी?"

"चालवा, बाबा. पण जरा हळू."

"हळू चालवायला मी काय म्हातारा झालोय?" सासरे म्हणाले, आणि शीळ घालत हेल्मेट ठेवायला आत गेले.

आवारात कोणी उरलं नाही, तेव्हा जावयाने मोबाइल काढला आणि आकडे पुसून टाकण्याआधी एकदा पाहून घेतले. महिन्यातली सर्वात लांब फेरी, दीडशे मीटर, म्हणजे जेमतेम गल्लीच्या टोकापर्यंत. सर्वाधिक वेग, ताशी सहा किलोमीटर.