हात केल्याशिवाय

हात केल्याशिवाय बस थांबवायची नाही, हा नियम ड्रायव्हरने बावीस वर्षं पाळला होता. सख्ख्या मेहुण्यालाही त्याने एकदा तसंच उन्हात सोडलं होतं.

आज भर दुपारी थांब्यावर एक बाई उभी होती, एकाच पायात चप्पल. तिने हात केला नाही. त्याने बस दामटली.

पुढच्या थांब्यावर तीच बाई. त्याच्या पुढच्याही.

"अरे, थांबव की," कंडक्टर घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तिने हात कुठे केलाय?"

चौथा थांबा रिकामा होता. हायसं वाटून त्याने आरशात पाहिलं. कंडक्टरसकट सगळे उतारू हात वर करून मुकाट बसले होते.

त्याने करकचून ब्रेक दाबला. बस थांबायचं नाव घेईना, आणि स्टिअरिंगवरचा त्याचा डावा हात आपोआप वर जाऊ लागला.