फौजदाराचं पथ्य

फौजदाराच्या मिशांना बिस्किटाचा चुरा लागलेला होता.

तिने भरलेली सिरिंज ताटलीत ठेवली, बोक्याला मांडीवरून उतरवलं आणि तडक बाहेरच्या खोलीत गेली. बाबा शिलाई मशीनवर वाकून कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. मान खाली, पाय चालू. सकाळी सकाळी एवढी एकाग्रता त्यांना एरवी कधी साधत नसे.

"बिस्कीट कोणी दिलं?"

बाबांनी आधी ऐकू न आल्यासारखं केलं. मग म्हणाले, त्यानेच घेतलं असेल, डबा उघडा राहिला असेल. तिने विचारलं, डब्यातलं बिस्कीट खाऊन, झाकण घट्ट लावून, डबा वरच्या फळीवर ठेवला, एवढं सगळं बोक्याने केलं का? बाबा म्हणाले, फौजदार हुशार आहे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोक्याला मधुमेह निघाल्यापासून ती घड्याळाला बांधली गेली होती. बिनमिठाचं उकडलेलं चिकन, काट्यावर तोलून. सकाळ-संध्याकाळ मानेमागची कातडी चिमटीत धरून इन्सुलिनचं इंजेक्शन. तरी रक्तातली साखर उतरायचं नाव घेत नव्हती. डॉक्टरबाई दर वेळी विचारायच्या, घरात दुसरं काही खातो का? ती दर वेळी ठामपणे सांगायची, एक कणही नाही. कारण तिने बाबांना विचारलेलं असायचं आणि बाबांनी नाही म्हटलेलं असायचं. मग डॉक्टरबाई डोस वाढवायच्या. थोडा वाढवला, पुन्हा थोडा वाढवला. ती मात्र बोक्याच्या मूत्रपिंडात काही बिघडलंय का, या काळजीने झुरत होती. आणि हे गृहस्थ इथे बसून त्याचे लाड करत होते.

"मागतो गं तो," बाबा शेवटी कबूल झाले. "तू जातेस निघून. माझ्याच तोंडाकडे बघत बसतो दिवसभर. चहाबरोबर एखादं बिस्कीट, दुपारी जरासं दूध, मशीन बंद केलं की पुन्हा जरासं..."

जरासं म्हणजे किती, ते दाखवायला त्यांनी हात वर केला. तिने तो तिथेच थांबवला. तिला काही ऐकायचं नव्हतं. ती बोलत सुटली. माणसाने म्हातारपणी तरी खोटं बोलू नये, म्हणाली. मुक्या जनावरावर माया दाखवायची ही कुठली तऱ्हा, म्हणाली. बाबा हातातली पँट उलटसुलट करत राहिले.

"तो मेला ना बाबा, तर तुमच्या हातून मेलेला असेल."

बाबा म्हणाले, आता नाही देणार, शपथ. ती म्हणाली, तुमची शपथ ठेवा तुमच्यापाशीच, कळलीय तिची किंमत. मग आत येऊन तिने फौजदाराला इंजेक्शन दिलं. त्याने अर्धं चिकन खाल्लं, अर्धं टाकलं. उशीर झाला होता. दार आपटून ती निघून गेली.

दुपारी ती प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती. फोन वाजला. बाबा कामाच्या वेळी कधी फोन करत नसत.

"फौजदार उभा राहत नाहीये गं. पाय लटपटतायत. हाक मारली तरी भलतीकडेच बघतोय."

"काय दिलंत त्याला?" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या टेबलावरच्या मुली वळून बघायला लागल्या.

"काही नाही." बाबांचा आवाज पार बसला होता. "सकाळपासून नुसता मागतोय. मशीनवर चढून बसला, हात चाटले माझे. तू ओरडलीस ना, म्हणून नाही दिलं. तू गेल्यापासून खरंच काही नाही दिलं."

पुढचं वाक्य तिच्या ओठांवर तयार होतं. ते तिथेच राहिलं.

नमुन्यात भेसळ सापडली की त्यावरचे सगळे निकाल रद्द, हे ती नव्या मुलींना घोकून घोकून शिकवायची. डोस वाढला होता तो त्या बिस्किटांसाठी, त्या दुधासाठी. सकाळी बिस्किटं बंद झाली. डोस तेवढाच राहिला, म्हणजे साखर आता नको तितकी खाली गेली असणार. सिरिंज तिने स्वतः भरली होती, आणि सगळं कळल्यावरही तीच टोचली होती.

"बाबा, पाण्यात साखर विरघळवा. भरपूर. बोटावर घेऊन त्याच्या हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका."



"साखर?" बाबा म्हणाले. "नंतर ओरडशील."

"नाही ओरडणार. चोळा आधी."

हेही तिने ओरडूनच सांगितलं.

वाटेत तिने डॉक्टरबाईंना फोन लावला. कालपासून काय बदललं, एवढंच त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्या म्हणाल्या, शुद्धीवर असेल तर साखर चालू ठेवा आणि त्याला लगेच इकडे आणा.

दार उघडंच होतं. बाबा मशीनपाशी फरशीवर बसले होते. मांडीवर ती अर्धवट शिवलेली पँट आणि पँटवर फौजदार. त्याची मान उचललेली होती. बाबांचं साखरेने चिकट झालेलं बोट तो हळूहळू, पण नेटाने चाटत होता.

ती उंबरठ्यातच थांबली. बाबांनी वर पाहिलं, आणि ते बोट झटकन पाठीमागे लपवलं.