शड्डू

मंगळवारी सकाळी उज्वलाने सासऱ्यांच्या पाठीशी उशा लावल्या, त्यांचा उजवा हात उचलून मांडीशेजारी ठेवला आणि टीव्ही सुरू केला. मग वाटीत दूध घेऊन भाकरी कुस्करली. स्टँडवरून नांदेडच्या गाडीची घोषणा ऐकू येत होती. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने चमचा पुढे केला. शेषेरावांनी घास घेतला, पण डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. कुस्त्या सुरू झाल्या होत्या.

परदेशातल्या या कुस्त्या दर आठवड्याला याच वेळी थेट दिसत. त्यांत माती नव्हती. दोर होते, दिवे होते आणि पुष्कळ आरडाओरडा होता. शेषेरावांनी ऐन उमेदीत उमरीपासून उदगीरपर्यंतचे कुस्तीचे फड गाजवले होते. पुढे अहमदपूरच्या तालमीत वस्ताद म्हणून त्यांनी अनेक पोरे घडवली. त्या काळात त्यांनी टीव्हीवरचा हा खेळ कधी पाहिला नाही. अर्धांगाच्या झटक्याने बाजेवर पडल्यावर मात्र त्यांना त्याचा नाद लागला. ही आधी ठरवून केलेली नुरा कुस्ती आहे, असे सुदर्शनने हसत सांगितले, तेव्हा त्यांनी मुलालाच गप्प केले. नुरा त्यांनाही ओळखू येत होती. पण समोरचा माजलेला आहे, हे काही खोटे नव्हते.

माजलेला होता तो काळ्या कोटातला पहिलवान. तो पाठीमागून वार करी, पडलेल्या माणसाला हिणवी आणि कॅमेऱ्यात पाहून हसे. त्याला तोंड देणारा पिवळ्या चड्डीतला पहिलवान सरळ मनाचा होता. घरात सगळ्यांना तोच आवडे. अशाच एका लढतीत, काळा कोट कुत्सित हसत असताना, शेषेरावांचा निर्जीव हात एकाएकी वर उठला आणि थाप देऊन मांडीवर पडला. त्यांनी शड्डू ठोकला होता. उज्वलाच्या हातातली वाटी कलंडली. त्यानंतर दर मंगळवारी एकदा तरी तो हात उठे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या विशाखाला हे समजले, तेव्हा ती आनंदली. नेमकी हीच हालचाल हवी होती, पण ती रोज हवी होती. नाहीतर हात आखडेल आणि जन्मभर दुसऱ्याच्या हाताने जेवावे लागेल, असे तिने स्पष्ट सांगितले. टीव्हीपुढे उचलता तसा माझ्यापुढे उचला, अशी विनवणी तिने किती वेळा केली. शेषेराव तिला एकदाच बोलले.

"तुम्ही आपल्या हाव, बाई. आपल्या माणसापुढं शड्डू ठोकीत न्हाईत."

मागच्या मंगळवारी काळा कोट हरला. हरेल त्याने कार्यक्रम सोडायचा, अशी अट होती. तो निघून गेला आणि सुदर्शनने पेढे आणले. उज्वलालाही बरे वाटले होते. सासऱ्यांचा हात त्या सरळ माणसासाठीच उठतो, अशी तिची समजूत होती.

आज तो सरळ माणूस विजेत्याचा पट्टा खांद्यावर टाकून आला. "आबा, आपला आला," असे म्हणत सुदर्शनने टाळ्या वाजवल्या. शेषेरावांनी कौतुकाने मान हलवली. हात जागचा हलला नाही. कार्यक्रम संपला तरी हलला नाही. सुदर्शनने मोबाइलवर काळ्या कोटाची जुनी लढत लावून पाहिली. ही झालेली कुस्ती आहे, असे म्हणून शेषेरावांनी तोंड फिरवले.

दुपारी विशाखाने त्यांची बोटे उघडून पाहिली. ती पूर्वीपेक्षा ताठ झाली होती. जाताना उंबऱ्यापाशी थांबून तिने पुन्हा एकदा त्या हाताकडे पाहिले. शेजारची धोंडाबाई पेरू ठेवून गेली. तालमीतली जुनी पोरे पाया पडून गेली. संध्याकाळी सुदर्शनने वडिलांचे पाय चेपले. उज्वला चमचा हातात घेऊन हे सगळे पाहत होती. घर आपल्या माणसांनी भरले होते. एका पहिलवानापुढे विरोधी म्हणून उभे राहायला त्यात कुणीच नव्हते. आणि त्या माणसांत सगळ्यांत जवळ, चमचा घेऊन, ती स्वतः बसली होती.

बुधवारी सकाळी सुदर्शन धान्याच्या मोंढ्यावर गेला. उज्वलाने नेहमीसारख्या उशा लावल्या आणि हात मांडीशेजारी ठेवला. टीव्ही लावला नाही. दूध-भाकरीची वाटी आणली, दाराला आतून कडी घातली आणि बाजेसमोर उभी राहिली. शेषेरावांनी सवयीने तोंड उघडले. तिने चमचा भरला, त्यांच्या ओठांपर्यंत नेला आणि तो घास स्वतः खाल्ला.

शेषेराव तिच्याकडे पाहतच राहिले. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता.

"घास उचलंना," ती सावकाश म्हणाली, "आन् म्हणं वस्ताद."

तिने वाटी तिवईवर ठेवली. डोक्यावरचा पदर काढून कमरेला खोचला, सासऱ्यांच्या नजरेला नजर दिली आणि आपल्या मांडीवर सणसणीत शड्डू ठोकला.

त्यांच्या हाताकडे तिने पाहिले नाही. काळा कोट कधीच खाली पाहत नसे. समोरून थाप ऐकू आली, तेव्हाही ती त्याच्यासारखीच कुत्सित हसत राहिली. उद्याही लढायचे होते.