मुर्नीचं मुसळ

जावा बेटावरच्या एका गावात सुगीच्या जलशात वीज गेली आणि पोरींच्या पंक बँडच्या गिटारी मुक्या झाल्या. बायकांवर हात उगारणाऱ्या नवऱ्यांवरचं गाणं अर्ध्यात तुटलं. पुढच्या रांगेतले बाप्ये खूश. “चला पोरींनो, घरी जाऊन भात टाका.” ड्रम वाजवणारी वेनिंग थांबली नाही, तिच्या काठ्या आणखीच कडाडल्या. मंचामागे तिची आई मुर्नी मुसळ घेऊन बसली होती, कारण पुढची पाळी रिकाम्या उखळावर ठेका धरणाऱ्या बायांची होती. जकार्ताला जाऊन ड्रम बडवणाऱ्या लेकीशी ती वर्षानुवर्षं धड बोलली नव्हती. आता मात्र ती थक्क होऊन ऐकत राहिली. “हा तर आपल्या कांडपाचा ठेका. कुठं शिकली?” “तुझ्या पाठीवर,” शेजारची तुमिनी म्हणाली. “तान्हीला बांधूनच कांडायचीस की.” मुर्नी उठली. “घाई करतेय पोरगी,” म्हणत तिनं रिकाम्या उखळात मुसळ हाणलं. ड्रम आईच्या लयीत आले.