मंचावरचा किसेम्बो

कंपालातल्या एका कंपनीचं दवाखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत आणि खुलं होतं. कंपनी जगत होती ती अडचणी सोडवून देण्याच्या वार्षिक करारांवर. पण किसेम्बो नावाचा एक स्वयंसेवक कंपनीच्या ऑनलाइन चर्चामंचावर रोज त्याच अडचणी फुकट सोडवायचा. संचालिका नाबुकेन्यांनी त्याला बोलावून घेतलं.

“तू असं अन्नछत्र उघडून बसलास, तर आमच्याकडे कोण फिरकेल रे?”

“मॅडम, ‘एकमेकांना मदत करा’ असं तुमच्याच संकेतस्थळावर लिहिलंय.”

“मीच लिहिलंय. चाळीस जणांचे पगारही मीच करते. एकेचाळिसावा तू हो. अट एकच, मंचावर उत्तरं द्यायची नाहीत.”

किसेम्बोच्या घरी तीन महिन्यांच्या जुळ्या मुली होत्या. त्याने सही केली.

तिसऱ्या आठवड्यात दुर्गम कारामोजा भागातल्या एका नर्सचा निरोप त्याच्या टेबलावर आला. “लसीकरणाची यादी उघडत नाही. करार आम्हाला परवडत नाही. मंचावर किसेम्बो म्हणून एक भाऊ लगेच सांगायचे, हल्ली दिसत नाहीत. आजारी आहेत का? रविवारी चर्चमध्ये आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केली.”

किसेम्बोने लिहिलं, “ते बरे आहेत.” आणि खाली ठरलेलं वाक्य जोडलं, “कृपया आपला करार क्रमांक कळवा.”